शाळेतल्या समुपदेशकाला काय काय यावं लागतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पालक, शिक्षक, मुख्याध्यापक आणि मानसशास्त्र शिकणारी मुलंमुली यांच्याकडून सतत येतात. बरेचसे कोल्हापूर शहरातून, काही इचलकरंजी, शिरोळ, गडहिंग्लजकडून. साधे प्रश्न आधी घेतलेत, पेचाचे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. समुपदेशक नेमकं करतात काय? आमचे वर्गशिक्षक हे करतातच की.

करतात, आणि काही वर्गशिक्षक कोणत्याही समुपदेशकापेक्षा चांगलं करतात. पण त्यांच्यासमोर साठ मुलं असतात, घंटा झाली की पुढच्या वर्गावर पळायचं असतं आणि तोंडी परीक्षेचे गुण त्यांच्याच हातात असतात. गुण देणाऱ्यासमोर मूल जपूनच बोलतं. समुपदेशकाकडे गुण नसतात, शिक्षा नसते, घाईही नसावी. मुलांशी एकेकट्याने बोलणं, वर्गावर जाऊन राग, मैत्री, मोबाईल, स्पर्श अशा विषयांवर तास घेणं, पालकांना भेटणं, शिक्षकांना साथ देणं आणि गरज पडली तर योग्य डॉक्टरांकडे पाठवणं, एवढं हे काम. उपचार त्यात येत नाहीत (प्रश्न ९).

२. शाळेला समुपदेशक ठेवावाच लागतो का?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरातल्या शैक्षणिक संस्थांसाठी सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवायचे. तेव्हा चित्रकलेच्या सरांच्या नावापुढे फलकावर ‘समुपदेशक’ लिहून टाकलं, एवढ्याने भागत नाही.

३. माझं एम.ए. मानसशास्त्र झालंय. शाळेत नोकरीला एवढं पुरे का?

पाया म्हणून पुरे. मानसशास्त्रातली किंवा समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी कोल्हापुरातच घेता येते, आणि एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रमही आहे. पण खरं शिक्षण होतं ते अनुभवी माणसाच्या नजरेखाली काम करताना. तो तुमच्या नोंदी वाचतो आणि ‘इथे तू मुलाला बोलू दिलं नाहीस’ असं बोट ठेवून दाखवतो.

मुख्याध्यापक मुलाखतीत काय विचारू म्हणतात, तेव्हा मी एकच सुचवते: ‘मूल समोर रडायला लागलं तर तुम्ही काय करता?’ जो लगेच ‘समजूत काढतो’ म्हणेल त्याच्याबद्दल जरा थांबा. जो ‘रडू देतो, पाणी जवळ ठेवतो, गप्प बसतो’ म्हणेल त्याला दुसऱ्या फेरीला बोलवा.

४. एकच कौशल्य सांगायचं झालं तर कोणतं?

सल्ला आवरणं. आपल्याकडे हे फार अवघड जातं. रंकाळ्यावर फिरायला गेलेला अनोळखी माणूससुद्धा तुमच्या पोराने सायन्स घ्यावं की कॉमर्स हे सांगून जातो. समुपदेशक याच हवेत वाढलेला असतो.

समजा नववीतला मुलगा येतो आणि म्हणतो, ‘मॅडम, गणितात डोस्कं चालंना.’ सल्ला तयारच असतो: रोज पाच गणितं सोडव, पहाटे उठ, मोबाईल बाजूला ठेव. मूल ‘हो’ म्हणतं आणि जातं, पुन्हा येत नाही. त्याऐवजी ‘चालंना म्हणजे काय होतं? तास सुरू झाला की काय होतं, ते सांग’ असं विचारलं, तर हळूहळू कळतं की जागा बदलल्यापासून मागचा एकजण पाठीत कंपास टोचतोय आणि फळ्याकडे लक्षच जात नाही. पाच गणितांनी ते कसं सुटणार?

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये समुपदेशकाच्या वागण्यातल्या ज्या गोष्टी मांडल्या, त्यातल्या तीन आजही पहिल्या वर्षाला शिकवतात: समोरच्याच्या जागी उभं राहून समजून घेणं, त्याला अटी न घालता स्वीकारणं आणि स्वतः आतबाहेर एक असणं. पहिल्या दोन पाठ करून येतात. तिसरी राहून जाते. गोड आवाज काढून ‘बोल बाळा’ म्हणणारी, पण नजर घड्याळाकडे असलेली व्यक्ती मुलं एका मिनिटात ओळखतात. वेळ नसेल तर ‘आज मला दहाच मिनिटं आहेत, उद्या मधल्या सुट्टीत ये’ असं सरळ सांगावं.

याला अपवाद माहितीचा. पुरवणी परीक्षेचा अर्ज कधी भरायचा, डिप्लोमाला कोणते विषय लागतात, असं कुणी विचारलं तर ‘तुला काय वाटतं?’ म्हणून त्याचा अंत पाहू नये. उत्तर द्यावं.

५. मूल बोलतच नाही. ‘काय न्हाई’ एवढंच म्हणतं. मग?

आधी बघा, त्याला पाठवलंय कुणी. शिपाई वर्गात येऊन सगळ्यांदेखत ‘तुला मॅडमनी बोलवलंय’ म्हणाला असेल तर ते मूल आधीच आरोपी होऊन आलेलं असतं. बोलावण्याची पद्धत बदलली की निम्मी मुलं बोलायला लागतात.

समोरासमोर टेबल टाकून बसणं अनेक मुलग्यांना जड जातं. मैदानाच्या कडेने चालत, कागदावर काहीतरी रेखाटत, नाहीतर कालच्या मॅचबद्दल बोलत सुरुवात करावी. पाटाकडील आणि दिलबहार या कोल्हापुरातल्या फुटबॉल संघांत कोण भारी, यावर पोरगं दहा मिनिटं बोलेल आणि अकराव्या मिनिटाला ‘पप्पा खेळू देत न्हाईत’ म्हणेल.

‘का’ने सुरू होणारे प्रश्न टाळा, त्यांत जाब विचारल्याचा सूर येतो. ‘शून्य ते दहामध्ये आजचा दिवस कितीवर?’ हा प्रश्न लाजऱ्या मुलांना सोपा जातो. ‘तीन’ म्हणालं तर ‘दोन का नाही? काय बरं आहे?’ असं पुढे जाता येतं (हा ‘का’ चालतो, कारण त्याचं उत्तर चांगल्या गोष्टीत असतं). आणि गप्प बसता यायला हवं. अर्धा मिनिट शांतता मोठ्या माणसाला असह्य होते, मुलाला ती शब्द जुळवायला लागते.

६. मुलगी दर सोमवारी पोटात दुखतंय म्हणून घरी जाते. खोटं बोलते का?

बहुतेकदा नाही. दुखणं खरं असतं, कारण पोटाबाहेर असू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा, ती पायरी गाळू नका. तपासणीत काही निघालं नाही तर वहीत मांडा: कोणता वार, कोणता तास, घरी गेल्यावर किती वेळात बरं वाटतं. त्यातून आकृती दिसते. पीटीचा तास, एखादी बस, वाचून दाखवायला लावणारा विषय.

घरी ठेवलं की लगेच बरं वाटतं आणि नेमकी तीच सुटका भीती वाढवते. म्हणून शाळा पूर्ण बंद करू नये, पायऱ्या पाडाव्यात: आधी फक्त मधल्या सुट्टीपर्यंत, मग दोन तास जास्त. दरम्यान भीतीचं कारण वर्गात असेल तर ते वर्गात जाऊन सोडवावं लागतं. मुलीला धीर द्यायचा आणि त्रास देणारा मुलगा तिथेच बसवायचा, हे चालणार नाही.

७. माझी मुलगी तुमच्याशी तासभर बोलली. आई म्हणून मला कळायला नको का?

तुमची काळजी रास्त आहे. पण तिने सांगितलेलं सगळं संध्याकाळी तुमच्या कानावर आलं तर ती उद्या कुणाशीच बोलणार नाही, तुमच्याशीही नाही. पहिल्या भेटीतच मुलीला आणि पालकांना एकच नियम सांगितलेला असावा: इथलं इथेच राहील, काही गोष्टी सोडून (प्रश्न ८). पालकांना दिशा सांगता येते, तपशील नाही. ‘मैत्रिणींवरून मन दुखावलंय, आठवडाभर मार्कांचा विषय काढू नका’ एवढं आईला पुरतं.

उत्तम समुपदेशक याच्याही पुढे जातो. तो मुलीला विचारतो, ‘यातलं आईला काय सांगूया? तू सांगशील की मी सोबत बसू?’

८. मग गोष्ट बाहेर कधी सांगावीच लागते?

मूल स्वतःच्या जिवाला अपाय करेल असं दिसलं तर, दुसऱ्याला गंभीर इजा करेल असं दिसलं तर आणि मुलावर अत्याचार होत असेल तर. लैंगिक अत्याचाराबाबत पर्यायच नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा २०१२, याच्या कलम १९ नुसार ज्याला कळलं, त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

इथे लागणारं कौशल्य म्हणजे चौकशी न करणं. मुलाने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. ‘कुठे? किती वेळा? मग काय केलं?’ असं खोदू नका, तो जबाब पोलीस घेतात. कायद्याप्रमाणे तो मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, गणवेश न घालता आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मुलाला मात्र ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, चूक तुझी नाही’ हे नक्की म्हणा. आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच देऊ नका.

९. आमच्या मुलाला डिस्लेक्सिया आहे असं तुम्ही लिहून द्याल का?

नाही. शाळेतला समुपदेशक खुणा टिपू शकतो, प्रमाणपत्र देऊ शकत नाही. डिस्लेक्सिया ज्यात मोडतो ती विशिष्ट अध्ययन अक्षमता दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत येते. तपासणी तज्ज्ञ करतात आणि बोर्डाच्या सवलतींसाठी शासनमान्य प्रमाणपत्र लागतं. जादा वेळ, लेखनिक यांचे प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातात, म्हणून दहावीच्या जानेवारीत जागं होऊ नका. चौथी-पाचवीत अक्षरं उलटी पडतायत, वाचन अडतंय असं दिसलं की तेव्हाच दाखवा.

१०. आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल ना?

येत नाही. ही भीती पालकांपेक्षा शिक्षकांत जास्त आढळते आणि तीच सर्वात घातक आहे, कारण तिच्यामुळे कुणीच विचारत नाही. विचारल्याने मुलाला हायसं वाटतं: कुणाला तरी दिसलं. ‘तसले काही विचार येत नाहीत ना?’ असं नकार सुचवणारं विचारू नका. ‘मरून जावं असं वाटतं का? कसं, कधी, असं काही ठरवलंय का?’ असं शांतपणे, शब्द न चोरता विचारा.

‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, अचानक एकटं राहणं, फोनवर तसले स्टेटस टाकणं या खुणा. ठरवलंय असं उत्तर आलं तर मुलाला एक क्षणही एकटं सोडू नका आणि पालकांना शाळेत बोलवून समोर बसून सांगा. आपल्या भागात यात एक गोष्ट आवर्जून घालावी लागते: घरात, गोठ्यात, खिडकीत ठेवलेली शेतीची औषधं आजच्या आज मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशी हलवा. साधन हाताशी नसलं की तो झटका टळतो, पुष्कळदा जीव वाचतो.

मुलाकडून ‘मी असं करणार नाही’ असं लिहून घेण्याची पद्धत काही शाळांत आहे. त्याचा उपयोग होत नाही. कागद शाळेची भीती घालवतो, मुलाची नाही. त्याऐवजी त्याच्यासोबत बसून लिहा: वाईट वाटायला लागलं की आधी काय करेन, कुणाकडे जाईन, कुणाला फोन करेन. त्यात टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक असू द्या. तो चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

‘पोलीस केस होईल’ म्हणून प्रयत्न लपवणाऱ्या पालकांना सांगा: मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं, शिक्षा होत नाही.

११. मुलाला तुमच्याकडे पाठवलं, दोन दिवसांनी परत तसाच. उपयोग काय?

हा प्रश्न शिक्षक जरा रागातच विचारतात. समुपदेशकाची खोली म्हणजे गॅरेज नाही, की गाडी सोडली आणि संध्याकाळी दुरुस्त होऊन मिळाली. त्या मुलाचं काय चाललंय यापेक्षा ‘तो वर्गात कधी बरा वागतो?’ हे शिक्षकांना विचारता आलं पाहिजे. उत्तर सापडतंच: डबा वाटताना, शेवटच्या तासाला, अमुक मुलगा शेजारी नसताना. तिथून काम सुरू होतं. शिक्षकांसमोर पुस्तकी शब्द फेकणारा समुपदेशक टीचर्स रूममध्ये एकटा पडतो आणि मग त्याच्याकडे मुलं पाठवणंही थांबतं.

मारण्याचा विषय निघाला तर मात्र नरमाई नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे.

१२. पालक भेटायलाच येत नाहीत. काय करायचं?

वेळ कुणाच्या सोयीची ठेवलीय ते बघा. इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला बाप सकाळी दहाला झोपेत असतो, त्याला ‘बेफिकीर पालक’ म्हणणं अन्याय आहे. संध्याकाळी पाळी सुरू होण्याआधी फोन केला तर तो बोलतो.

हंगामात बीडकडून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांच्या मुलांना समुपदेशनाआधी साध्या गोष्टी लागतात: वर्गात जागा, पुस्तकं, डबा खाताना सोबत बसणारं कुणीतरी, गावी परत जाताना हातात शिक्षण हमी पत्रक, म्हणजे तिथल्या शाळेत पुढे शिकता यावं म्हणून दिलेला कागद. हे माझं काम नाही असं म्हणणाऱ्याने शहरातल्या मोठ्या शाळेतच राहावं.

१३. पुराचा काळ आला की मुलं घाबरतात. काय करावं?

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै अनेक घरांत अजून मुक्कामाला आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे आकडे चौथीतल्या मुलालाही पाठ असतात. भीती समजावून घालवू नका, ती खोटी नाही. मुलांना पुढे काय होणार ते माहीत हवं: पाणी आलं तर कुठे जायचं, दप्तर कुठे ठेवायचं, जनावरांचं कोण बघणार. ‘तेव्हा काय झालं ते सगळ्यांना सांग’ असं वर्गात जबरदस्तीने बोलायला लावू नका, त्याने जखम उघडते. ज्याला सांगायचंय त्याचं ऐका. शाळेतच निवारा केंद्र असेल तर तास, खेळ, जेवण यांच्या ठरलेल्या वेळा शक्य तितक्या लवकर सुरू करा. झोप लागत नाही, अंथरूण ओलं होतं, असं महिनाभराहून जास्त चाललं तर डॉक्टरांकडे पाठवा.

१४. दहावीचा निकाल वाईट लागला. त्या दिवशी मुलाला काय बोलावं?

त्या दिवशी फार बोलू नये. जेवायला घाला, नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या. पुरवणी परीक्षा आणि एटीकेटीचं दुसऱ्या दिवशी बघू. शाळेने निकालाच्या दिवशी समुपदेशकाला सुट्टी देऊ नये, एवढं मात्र लिहून ठेवा.

१५. मुलगा सतरा, मुलगी सोळा, दोघांचं जुळलंय. समुपदेशकाने पोलिसांना कळवायचं का?

नुसतं आवडणं, चॅटिंग, रंकाळ्यावर भेटणं यात कळवण्यासारखं काही नाही, आणि ते वर्गशिक्षकांना सांगण्याचीही गरज नाही. शारीरिक संबंध आले की चित्र बदलतं. अठराच्या आतल्या संमतीला कायदा मानत नाही आणि ‘दोघांच्या मर्जीने’ ही पळवाट प्रश्न ८ मधल्या जबाबदारीतून सोडवत नाही. हा नियम मला कित्येकदा जड वाटतो, पण तो न पाळण्याचा अधिकार समुपदेशकाला नाही.

म्हणून बोलणं त्या दिशेने वळतंय असं दिसलं की मुलाला आधीच थांबवून सांगायचं: ‘यापुढे तू जे सांगशील त्यातलं काही मला कळवावं लागू शकतं. विचार करून सांग.’ सगळं ऐकून घेऊन मग नियम काढणं ही फसवणूक ठरते.

१६. बारावीतल्या मुलीचं लग्न ठरवलंय. ती म्हणते, कुणाला सांगू नका.

वय अठराच्या आत असेल तर सांगावं लागेल आणि तेही तिला सांगूनच. गावात ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही कळवता येतं. लग्न थांबल्यावर घरचा राग तिच्यावरच निघतो. त्यामुळे पुढचे काही महिने तिची उपस्थिती आणि परीक्षेचा अर्ज यांवर डोळा ठेवणं, मामा किंवा आजी यांपैकी घरातलं एक समजूतदार माणूस बाजूने वळवणं हे खरं काम.

१७. तक्रार शाळेतल्याच कर्मचाऱ्याविरुद्ध असेल आणि मुख्याध्यापक ‘आधी अंतर्गत चौकशी करू’ म्हणाले तर?

लैंगिक तक्रार असेल तर कळवणं चौकशीसाठी थांबत नाही. मुलामुलींच्या सुरक्षेसाठी शाळेत असणारी सखी सावित्री समिती, तक्रार पेटी ही सोय आहे, पोलिसांना पर्याय नाही. हाताखालच्या माणसाबद्दल न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला पॉक्सोखाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे शांतपणे दाखवून द्या आणि तुम्ही स्वतः कळवा. नोकरीची भीती वाटते, ते खरं आहे. म्हणूनच लेखी नोंद ठेवा आणि बालकल्याण समितीलाही कळवा.

१८. समुपदेशकाचाच भाचा त्या शाळेत असेल तर?

दुसऱ्याकडे पाठवा. कोल्हापुरात निम्मं गाव पाहुण्यारावळ्यांत असतं, त्यामुळे हा प्रसंग येतोच.

१९. आमच्या शाळेत समुपदेशकच नाही. मी साधा शिक्षक आहे. आजपासून काय करू?

ऐकायला पदवी लागत नाही, प्रश्न ४ आणि ५ तुमच्यासाठीच आहेत. १०९८ आणि १४४१६ हे क्रमांक मुलामुलींच्या स्वच्छतागृहाच्या आतल्या दारावर चिकटवा. कार्यालयाबाहेरच्या फलकासमोर उभं राहून कुणी मूल क्रमांक उतरवून घेत नाही. जवळचं आरोग्य केंद्र, पोलीस ठाणं आणि बालकल्याण समिती यांचे फोन तुमच्या वहीत असू द्या. प्रश्न ८ आणि १० मधल्या गोष्टी एकट्याने अंगावर घेऊ नका, त्याच दिवशी दुसऱ्या जबाबदार माणसाला सोबत घ्या.